कुई

सायकल मागायला आलेला माणूस मला लांबून ओळखता येतो. तो सायकलबद्दल चकार शब्द काढत नाही, आधी माझी विचारपूस करतो. तब्येत काय म्हणते, गुडघे बरे आहेत ना, हल्ली दिसत नाही. असं बोलता बोलता त्याची नजर माझ्या खांद्यावरून हळूच पलीकडे सरकते, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या तिच्यावर स्थिरावते, आणि माझ्या काळजात धस्स होतं.

आजवर अशा सगळ्यांना मी तीन थापांवर परतवलं आहे. मागच्या चाकात आउट आहे, ब्रेक लागत नाहीत, आणि हवा नाही. एका गृहस्थांनी तर मला भर रस्त्यात हात करून थांबवलं आणि सायकल मागितली. मी वर बसल्या बसल्याच सांगितलं, "हवा नाही." ते बराच वेळ चाकाकडे बघत राहिले. मीही बघत राहिलो. मग ते गेले.

पण भाच्यापुढे थापा चालत नाहीत, कारण त्यातल्या दोन त्यालाच शिकवून ठेवल्या आहेत. "मामा, फक्त दोन तास," तो म्हणाला. मी तोंड उघडायच्या आत बायकोने आतून परस्पर निकाल देऊन टाकला, "घेऊन जा रे, नुसती उभीच असते." नुसती उभी असते! मी घरी असताना ती उभी नसेल तर काय आडवी असेल?

मग मी त्याला चार गोष्टी समजावून सांगितल्या. मागचा ब्रेक अर्धा दाबेपर्यंत गप्प राहतो, मग एकदम मनावर घेतो. तिसऱ्या गिअरवरून चौथ्यावर जायचं असेल तर आधी पाचव्यावर जायचं आणि तिथून गुपचूप मागे यायचं. सीटला हात लावायचा नाही. आणि डावं पेडल खाली जाताना 'कुई' असा आवाज येईल, तर घाबरायचं नाही, ती तशी बोलते.

"मामा, तुम्ही सायकल देताय की पेशंट?" असं म्हणत साडेपाच फुटी मामाच्या सायकलवर सहा फुटी भाचा टांग टाकून निघून गेला. तो वळणापर्यंत दिसत होता. कुई मात्र वळणानंतरही ऐकू येत होती. निदान मला तरी.

त्या कुईबद्दल सांगायलाच हवं. ती सुरू झाली तेव्हा मी इतरांसारखाच वैतागलो होतो. सायकलच्या नळ्या पोकळ असतात, त्यामुळे आवाज एकीकडे जन्मतो आणि ऐकू भलतीकडून येतो. मी चेनला तेल दिलं. सीटवरून उठून पाय मारून पाहिले, म्हणजे सीटचा आवाज असेल तर थांबेल. थांबला नाही. एकाच पायाने चालवून पाहिलं, त्यात एका कुंपणाशी ओळख झाली. शेवटी पेडलचा संशय आला म्हणून पाना घेऊन डावं पेडल सोडवायला बसलो. अर्धा तास जीव खाऊन फिरवत होतो आणि ते घट्टच होत चाललं होतं. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, पायाच्या फिरण्याने ते आपोआप सैल होऊ नये म्हणून. हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि हातात पाना असताना आठवणं या दोन वेगळ्या विद्या आहेत. ते पेडल मग दोन्ही दिशांना हलेना. चार महिने शोध चालला आणि एके दिवशी लक्षात आलं की मी आता शोधत नसून नुसता ऐकतोय.

पुढे तर हिशेबच बसला. माझ्या नेहमीच्या गिअरवर पुढच्या चक्राला 44 दात, मागच्याला 16, आणि चाकाचा घेर साधारण 2.1 मीटर. म्हणजे पेडलच्या एका फेरीत सायकल पावणेसहा मीटर जाते, आणि एका फेरीला एक कुई. एक किलोमीटर म्हणजे 173 कुई. मी अंतरं कुईत मोजू लागलो. सपाटीला मिनिटाला सत्तरएक कुया पडायच्या, चढाला त्या लांबत जायच्या, आणि दोन कुयांच्या मधे माझा एक आख्खा श्वास मावू लागला की उतरून चालायचं, असा साधा नियम होता. हृदयाचे ठोके मोजणारी घड्याळं लोक हौसेने मनगटावर बांधतात. माझं यंत्र पायाखाली होतं आणि त्याला चार्जिंग लागत नव्हतं.

दोन तास झाले. अडीच झाले. मी वाचायला म्हणून काहीतरी हाती घेतलं आणि नेमका नको तो विषय निघाला. 2011 साली 'सायन्स' या नियतकालिकात एक शोधनिबंध आला होता. रिकामी सायकल पुरेशा वेगाने ढकलली तर ती माणसावाचून तोल सांभाळत जाते, हे लोकांना आधीपासून ठाऊक होतं. श्रेय दिलं जायचं ते फिरत्या चाकांच्या भोवऱ्यासारख्या गुणाला आणि पुढच्या चाकाच्या ठेवणीला. या संशोधकांनी हे दोन्ही गुण काढून टाकलेली एक सायकल बनवली, आणि तीही सरळ गेली! विज्ञानाच्या दृष्टीने मोठीच गोष्ट. पण ज्याची सायकल अडीच तास बाहेर आहे त्याने हे वाचू नये. इतकी वर्षं मी समजत होतो की तिला मी सांभाळतो. इथे सिद्ध झालं होतं की तोल जायचा असेल तर तो बहुधा माझ्यामुळेच जातो.

रात्री दार वाजलं. बाहेर भाचा उभा होता आणि त्याच्या हातात एक परकी सायकल होती. अशी लखलखीत, की मी तिच्या पलीकडे माझी शोधू लागलो.

"सर्व्हिसिंग करून आणली!" तो म्हणाला. "आउट काढला, ब्रेकच्या वायरी बदलल्या, गिअर लावून घेतले. आता तिसऱ्यावरून थेट चौथा पडतो. आणि तो आवाज होता ना? गेला!"

"गेला म्हणजे?"

"पेडल काढलं, आट्यांना ग्रीस लावलं, परत बसवलं. दोन मिनिटांचं काम हो, मामा."

दोन मिनिटांचं. मी त्याला शाबासकी दिली. आवाज घोगरा का झाला म्हणून त्याने विचारलंही.

सीट अर्थातच वर गेली होती. त्याचं काही नाही, ती खाली करता येते, माझ्या मापावर मी चिकटपट्टीची खूण केलेली होती. खूण नव्हती. "ती चिकट घाण होय? घासून काढली." आता सीट दोन सेंटिमीटर इकडेतिकडे झाली तर जगाचं काही अडत नाही, पण गुडघ्यांचं अडतं. तीन वेळा टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत जिंकलेल्या ग्रेग लेमाँड यांच्या नावाने एक सूत्र ओळखलं जातं. जांघेपासून तळपायापर्यंतची उंची घ्यायची आणि 0.883 ने गुणायचं. येईल ते अंतर पेडलच्या दांड्याच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत ठेवायचं. ही उंची घेण्याची पद्धत अशी की भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही पायांत धरून वर दाबायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायची. मी शब्दकोश घेतला. पहिल्यांदा 78 आले, मग 77, मग साडेएकोणऐंशी. चौथ्या वेळी बायको खोलीत आली, शब्दकोशाकडे पाहिलं, आणि दिवा बंद करून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सायकल घेऊन बाहेर पडलो. नियतीला नाक खुपसायला जागाच उरली नव्हती, इतकी ती सुरळीत चालत होती. ब्रेक ऐन वेळी लागला आणि मी पुढे हँडलवर आदळलो. तिसऱ्यावरून चौथ्याला जाताना सवयीने पाचव्यावर गेलो आणि तिथेच अडकलो, कारण आता तिथून मागे ढकलणारं कोणी नव्हतं. चढ कुठे सुरू झाला ते कळलं नाही, दम लागल्यावर कळलं. किती लांब आलो याचा पत्ता नाही. घरी पोचलो तर दार बंद. घंटा वाजवून पाच मिनिटं उभा राहिलो. "आलास कधी? कळलंच नाही," बायको म्हणाली. एरवी मी कोपऱ्यावर असतानाच ती कडी काढायची. मला वाटायचं, प्रेम.

मग मी काही दिवस तिला मुद्दाम पावसात उभी केली. हे वाक्य लिहिताना लाज वाटते. चिखलातून नेली, पुसली नाही, डाव्या पेडलवर जरा जास्तच भार देऊन चालवली. सहा आठवडे काही नाही. सातव्या आठवड्यात एका चढाला, दम संपत आला असताना, पायाखालून अगदी बारीक 'कु' आलं. ई नाही, नुसतं कु. मी श्वास रोखला, म्हणजे उरलेला. पुढच्या फेरीला पुन्हा आलं. उतारावर वळून घराकडे येईपर्यंत ती पुरती बोलायला लागली होती, आणि शेवटच्या किलोमीटरला मी मोजून 173 भरले.

दार उघडंच होतं. दारात भाचा उभा होता, हातात ग्रीसची डबी.

"मामा, कोपऱ्यावरूनच ऐकलं मी. आणा इकडे, दोन मिनिटांचं काम आहे."

मी सायकल तशीच मागे फिरवली आणि टांग टाकली.

"हवा नाही," मी म्हणालो.