तेल त्यांचं, म्हणून बिलही त्यांचंच?

"त्यांच्याकडे एवढं तेल आहे, मग देश त्यांनीच उभा करावा की! बाकीच्यांनी का पैसे घालायचे?" इराकचा विषय निघाला की हे वाक्य हमखास कुणीतरी टाकतं, आणि चार माना डोलतात. वाक्य व्यवहारी वाटतं. माझा राग त्या व्यवहारीपणावरच आहे, कारण प्रत्यक्ष हिशेबाला बसलं की त्यात व्यवहार कुठे सापडत नाही.

हे वाक्य चर्चेतल्या कुणा हौशी माणसाचं नाही, थेट वॉशिंग्टनमधून आलेलं आहे. २७ मार्च २००३. अमेरिका आणि ब्रिटनने इराकवर पुकारलेलं युद्ध सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता, बगदाद अजून पडायचं होतं. अमेरिकेचे तेव्हाचे उपसंरक्षणमंत्री पॉल वुल्फोवित्झ यांनी प्रतिनिधीगृहाच्या समितीपुढे सांगितलं की येत्या दोन-तीन वर्षांत तेलातून ५० ते १०० अब्ज डॉलर येऊ शकतात, आणि हा देश आपल्या उभारणीचा खर्च स्वतःच, तोही लवकरच, उचलू शकेल. पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्या परदेशी मदत खात्याचे प्रमुख अँड्र्यू नॅट्सिओस टीव्हीवर म्हणाले की अमेरिकी करदात्याच्या वाट्याला १.७ अब्ज डॉलर येतील, बाकीचं इतर देश आणि इराकचं तेल बघून घेईल. बॉम्ब कुणाच्या पैशाने पडणार हे ठरलेलं होतं. पडलेली भिंत कुणाच्या पैशाने उभी राहणार, याला मात्र एका शब्दात उत्तर होतं: तेल.

आता जरा हिशेब करू. इराकची लोकसंख्या तेव्हा साधारण अडीच कोटी. वर्षाला २० अब्ज डॉलरचं तेल विकलं गेलं असं धरा. माणशी वर्षाला ८०० डॉलर झाले. एवढ्यात काय काय बसवायचं? सरकारी पगार आणि पेन्शनी यातूनच, कारण सरकारचं जवळजवळ सगळं उत्पन्न तेलाचंच. रेशन यातूनच; १९९० पासूनच्या आर्थिक निर्बंधांमुळे देशातली बहुतेक कुटुंबं महिन्याच्या सरकारी रेशनवर जगत होती. शाळा, दवाखाने, औषधं, सगळं यातूनच. शिवाय ज्यातून हा पैसा यायचा त्या विहिरी, पंप, पाइपलाइनी जुनाट झालेल्या, वर लुटलेल्या. उत्तरेकडे तुर्कस्तानला जाणारी पाइपलाइन तर एकीकडे दुरुस्त करावी आणि दुसरीकडे फुटावी, अशी. म्हणजे उभारणीचा पैसा ज्यातून यायचा, त्याचीच आधी उभारणी करायची होती.

आणखी एक गोष्ट लोक सोयीने विसरतात. तेल म्हणजे पगार नव्हे, ते भांडवल आहे. आज उपसलेलं पिंप उद्याच्या पिढीला पुन्हा मिळत नाही. ते विकून पूल, वीजकेंद्रं, विद्यापीठं वाढवली तर मालमत्तेचं रूप बदललं असं म्हणता येईल. पण दुसऱ्याने पाडलेला पूल पुन्हा बांधण्यात ते गेलं, तर तो देश भांडवल विकून तिथेच आला जिथे तो हल्ल्याआधी होता. कुणी तुमचं घर जाळावं आणि वर म्हणावं, "तुमची जमीन आहे ना, ती विका आणि घर बांधा", त्यातलीच ही गत.

"पण युद्धाची भरपाई वगैरे प्रत्यक्षात कोण देतं?" असा प्रश्न येईल. देतात. स्वतः इराकनेच दिली आहे, शेवटच्या हप्त्यापर्यंत. ऑगस्ट १९९० मध्ये इराकचा हुकूमशहा सद्दाम हुसेनने कुवेत गिळलं. १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ६८७ क्रमांकाच्या ठरावात स्पष्ट लिहिलं की या आक्रमणातून झालेल्या थेट नुकसानीला इराक जबाबदार आहे. त्यासाठी भरपाई आयोग नेमला. जवळपास २७ लाख दावे आले, ५२.४ अब्ज डॉलर मंजूर झाले. जळत्या तेलविहिरींपायी कुवेतच्या सरकारी तेल कंपनीला एकटीला १४ अब्जांहून जास्त मिळाले. तिथून जीव मुठीत धरून परतलेल्या आपल्या लोकांनाही या आयोगाकडून पैसे मिळाले, हे आज फार थोड्यांना आठवत असेल. पैसा कुठून आला? इराकच्या तेलातून. आधी विक्रीच्या ३० टक्क्यांपर्यंत, मग २५, मग ५. शेवटचा हप्ता जानेवारी २०२२ मध्ये गेला. सद्दामला फाशी होऊन तेव्हा पंधरा वर्षं उलटली होती. कुवेतवर स्वारी झाली तेव्हा जन्मालाही न आलेली मुलं तोवर कमावती झाली होती, आणि त्यांच्या वाट्याच्या तेलातून हे हप्ते गेले होते.

मी ही भरपाई चुकीची होती असं म्हणत नाही. कुवेतचं नुकसान खरं होतं. पण मग तत्त्व एकच ठेवा. मोडणाऱ्याने भरायचं हे १९९१ मध्ये खरं असेल, तर २००३ मध्ये कुठे गेलं? ज्या सामूहिक संहाराच्या शस्त्रांचं कारण देऊन युद्ध केलं त्यांचा साठा इराकमध्ये सापडला नाही. हे युद्ध संयुक्त राष्ट्रांच्या सनदेशी सुसंगत नव्हतं, बेकायदा होतं, असं खुद्द सरचिटणीस कोफी अन्नान सप्टेंबर २००४ मध्ये बीबीसीच्या मुलाखतीत बोलून गेले. तरी भरपाई आयोग नेमला गेला नाही. नेमणार कोण? अमेरिका आणि ब्रिटन दोघेही नकाराधिकार घेऊन सुरक्षा परिषदेत बसलेले. उलट मे २००३ च्या १४८३ क्रमांकाच्या ठरावाने काय केलं पाहा: देश परक्या फौजांच्या ताब्यात, आणि त्याच्या तेलाच्या पैशातून ५ टक्के कुवेतच्या भरपाईकडे चालूच!

उरलेल्या ९५ टक्क्यांची गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. तो पैसा 'इराक विकास निधी' या नावाच्या खात्यात जमा व्हायचा. खातं न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत, आणि खर्चाचा अधिकार अमेरिकेने बगदादमध्ये नेमलेल्या पॉल ब्रेमर यांच्या हंगामी प्रशासनाकडे. मालक इराकी, सही अमेरिकी. सुमारे १२ अब्ज डॉलर रोख नोटांच्या रूपात न्यूयॉर्कहून लष्करी विमानांनी बगदादला नेले गेले. शंभराच्या नोटांचे गठ्ठे प्लास्टिकमध्ये गुंडाळून. जानेवारी २००५ मध्ये इराकच्या उभारणीचे हिशेब तपासणाऱ्या अमेरिकेच्याच विशेष महानिरीक्षकांनी अहवाल दिला की इराकी मंत्रालयांना दिलेल्या ८.८ अब्ज डॉलरवर या प्रशासनाची पुरेशी देखरेख नव्हती. सगळे चोरीला गेले असं अहवाल म्हणत नाही, आणि युद्धाच्या धामधुमीत शांततेतले हिशेबाचे नियम लावू नका, असं ब्रेमर यांचं म्हणणं होतं. ठीक आहे. पण त्याच काळात अमेरिकी संसदेने उभारणीसाठी मंजूर केलेल्या १८.४ अब्जांतले जून २००४ पर्यंत जेमतेम २ टक्के खर्च झाले होते. स्वतःच्या करदात्याचा पैसा नियमांनी बांधलेला, म्हणून तो सावकाश. इराकचा पैसा मोकळा, म्हणून तो भराभर. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय!

या १८.४ अब्जांचीही एक गंमत आहे. ऑक्टोबर २००३ मध्ये अमेरिकी सिनेटने ठराव केला की यातला साधारण निम्मा भाग इराकला कर्ज म्हणून द्यावा. तेलवाला देश आहे, फेडेल. त्याला आडवं कोण गेलं? खुद्द राष्ट्राध्यक्ष बुश यांचं सरकार. त्यांचं म्हणणं, इराक आधीच कर्जात बुडालाय, आणखी कर्ज कशाला? डिसेंबरमध्ये माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांना जगभर पाठवलं, सद्दामच्या काळातली कर्जं माफ करा म्हणून. नोव्हेंबर २००४ मध्ये पॅरिस क्लब या सावकार देशांच्या गटाने सुमारे ३९ अब्जांपैकी ८० टक्के टप्प्याटप्प्याने सोडायचं कबूल केलंही. चांगलंच झालं, हुकूमशहाला शस्त्रांसाठी कर्ज देणाऱ्याने तोटा सोसावा, याला माझी हरकत नाही. पण मार्चमध्ये 'हा देश आपला खर्च आपण करील' आणि त्याच वर्षाच्या अखेरीस 'हा देश कर्ज फेडू शकणार नाही'! तेल तेवढंच होतं. मधल्या काळात फक्त कुणापुढे बोलायचं ते बदललं होतं.

अमेरिकेने काहीच दिलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. दहा वर्षांत उभारणीच्या नावाखाली सुमारे ६० अब्ज डॉलर दिले. यातला मोठा वाटा सैन्य आणि पोलीस उभारण्यात गेला. ते सैन्य लागलं ते मुळात इराकचं जुनं सैन्य मे २००३ मध्ये एका आदेशाने बरखास्त केल्यामुळे. म्हणजे स्वतःच मोडलेलं स्वतःच जोडलं आणि त्याला मदत म्हटलं. उरलेल्यातलं कुठे गेलं तेही पाहा. दियाला प्रांतातल्या खान बनी साद इथल्या तुरुंगावर सुमारे ४० दशलक्ष डॉलर घातले आणि तो अर्धवट सोडून दिला. तिथे एकही कैदी राहिला नाही. फलुजा शहरातल्या सांडपाणी प्रकल्पाचा खर्च मूळ अंदाजाच्या तिपटीच्या घरात गेला, काम वर्षानुवर्षं रेंगाळलं.

आणि तरीही बिलाचा मोठा भाग शेवटी इराकनेच भरला. त्याच महानिरीक्षकांच्या हिशेबानुसार २०१२ पर्यंत उभारणीसाठी उपलब्ध झालेल्या सुमारे २२० अब्जांपैकी १४५ अब्ज इराकचे स्वतःचे होते. म्हणजे "त्यांनीच भरावं" म्हणणाऱ्यांनी निश्चिंत राहावं. त्यांनी भरलंच आहे.

यावर मला उत्तर मिळतं, "दिले असते अजून शंभर अब्ज, तर त्यांच्याच पुढाऱ्यांनी खाल्ले असते." हा मुद्दा मी उडवून लावणार नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये उघडकीला आलं की सरकारी बँकेतल्या कर-ठेवींच्या खात्यातून वर्षभरात सुमारे अडीच अब्ज डॉलर काढले गेले, २४७ धनादेशांनी, पाच कंपन्यांच्या नावे. तिथले लोक त्याला 'शतकातली चोरी' म्हणतात. देशाचं बहुतेक तेल जिथून निघतं त्या बसऱ्यात २०१८ च्या उन्हाळ्यात दूषित पाण्याने लाखाहून जास्त माणसं आजारी पडून दवाखान्यात गेली. विहिरींवर वायू जळून वाया जातो आणि विजेसाठी इराणकडून वायू विकत घ्यावा लागत आला आहे. गल्लीतल्या खासगी जनरेटरवाल्याकडून लोक अँपिअरच्या मापाने वीज घेतात. हे सगळं अमेरिकेच्या माथी मारता येणार नाही. मंत्रालयं पंथ आणि पक्षांत वाटून घ्यायची पद्धत २००३ नंतर रुळली खरी, पण ती तिथल्या पुढाऱ्यांनी आनंदाने चालवली. मात्र पुढारी चोर आहेत हे कारण भरपाईची पद्धत बदलायला पुरतं, भरपाई बुडवायला नाही. १९९१ चा आयोग लाखो माणसांना दाव्यांनुसार पैसे देऊ शकला, तर मोसुल किंवा फलुजातल्या घर गमावलेल्या माणसालाही देता आलं असतं.

मोसुलवरून फेब्रुवारी २०१८ ची कुवेतमधली परिषद आठवते. इस्लामिक स्टेट या दहशतवादी संघटनेकडून शहर सोडवून झालं होतं, जुन्या शहराचा ढिगारा झाला होता. इराकने ८८ अब्ज डॉलरची गरज मांडली. जमले ३० अब्जांचे शब्द, आणि त्यातलाही बराच भाग कर्ज, कर्जहमी आणि गुंतवणूक. अमेरिकेने ३ अब्जांची पतमर्यादा, म्हणजे तेवढ्यापर्यंत कर्ज घ्यायची सोय, देऊ केली. यजमान कुवेत, ज्याच्या भरपाईचे हप्ते इराकने याच लढाईपायी काही वर्षं थांबवले होते आणि त्याच वर्षी पुन्हा सुरू केले. फिरून फिरून पैसा त्याच विहिरींतून येणार होता, फक्त व्याजासकट.

मला विचाराल तर वाटणी अशी असावी. रोजचा कारभार आणि देशाची वाढ तेलातून. युद्धाने मोडलेलं ज्यांनी युद्ध ठरवलं त्यांच्याकडून, अनुदान म्हणून. आणि तेलाच्या पैशाला पहिल्या दिवसापासून तिथल्याच माणसांची सही, तिथल्याच वर्तमानपत्रांत छापलेला हिशेब. नकाराधिकारवाल्यांकडून भरपाई वसूल करणारं कोर्ट अस्तित्वात नाही हे मला कळतं. म्हणून किमान एवढं तरी व्हावं की युद्धाला मंजुरी मागणाऱ्या कागदावर उभारणीची रक्कमही लिहिलेली असावी, आणि तिच्यावरही मतदान व्हावं. ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकी संसदेने मंजुरी दिली त्या ठरावात असा आकडाच नव्हता. त्याआधीच्या महिन्यात बुश यांचे आर्थिक सल्लागार लॉरेन्स लिंडसे यांनी युद्धाचा खर्च १०० ते २०० अब्ज डॉलर होऊ शकतो असं उघड सांगितलं होतं. सरकारमधल्या इतरांना तो आकडा भलताच फुगवलेला वाटला. डिसेंबरमध्ये लिंडसे यांना पद सोडावं लागलं. केवळ त्या आकड्यामुळेच, असं मी म्हणणार नाही, पण त्यानंतर मोठा आकडा सांगायला कोण पुढे येणार होतं?