थरथरणारी गाडी बंद शेडमध्ये तापवायला सांगणारा मेसेज

‘सकाळी गाडी स्लोला थरथरते? मेकॅनिककडे जाऊ नका, हे पाच उपाय करा’ (स्लोला म्हणजे रेस न देता नुसती चालू असताना) असा एक मेसेज सध्या कोकणातल्या बहुतेक ग्रुपवर फिरतोय. एक, शेड बंद करून गाडी पंधरा मिनिटं चालू ठेवा, दमट हवा आत येऊ देऊ नका. दोन, थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्याकडे थंडी नाही. तीन, टाकीत दोन डांबरगोळ्या टाका. चार, रात्रभर बॅटरीची वायर काढून ठेवा. पाच, हे सगळं इथेनॉलमुळे होतं, त्यामुळे दुसरं काही तपासू नका.

माझे काका मालवणच्या बाजूला राहतात आणि त्यातला पहिला उपाय रोज करतायत. त्यांची पत्र्याची शेड मागच्या पडवीला चिकटलेली आहे. पावसासाठी तिला तीन बाजूंनी ताडपत्री बांधलीय आणि पडवीतून थेट स्वयंपाकघरात दार आहे. मी फोनवर ओरडलो तर म्हणाले, ‘व्हॉट्सॲपार इलेला हा, खोटा कसा असतला?’ काकू हल्ली सकाळी डोकं जड होतं म्हणून पित्ताची गोळी घेते. पित्त असेलही. पण आधी ती गाडी बाहेर काढा.

थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून गाडीचा कॉम्प्युटर सुरुवातीला जास्त पेट्रोल सोडतो. पेट्रोल जास्त आणि हवा कमी म्हणजे ज्वलन अर्धवट, आणि अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड होतो. एरवी तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणाऱ्या भागात, मारला जातो, पण कन्व्हर्टर साधारण 250 ते 300 अंश तापल्याशिवाय कामाला लागत नाही. म्हणजे गाडी सर्वात विषारी असते ती नेमकी या पहिल्या काही मिनिटांत. इंजिन मिसिंग करत असेल, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नसेल, तर अर्धवट जळलेलं आणखी बाहेर पडतं. या वायूला ना रंग ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या 200 पटींहून जास्त घट्ट धरतो. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी, असंच सुरू होतं.

अमेरिकेतल्या आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीने हे घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये मोजून पाहिलंय. इंजिन थंड, गॅरेजचं मोठं दार उघडं, आणि गाडी चालू ठेवली फक्त 2 मिनिटं. तेवढ्यात आतल्या हवेत कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण दशलक्षात 500 भागांवर गेलं. गाडी बाहेर काढून 10 तास झाले तरी तो वायू तिथे मोजता येत होता. दार उघडं असताना ही गत. मेसेज लिहिणारा माणूस दार बंद करून पंधरा मिनिटं सांगतोय, आणि लोक ते ‘उपयुक्त माहिती’ म्हणून पुढे पाठवतायत. बाकीचे चार मुद्दे चुकीचे असते तरी मी गप्प बसलो असतो, पण या एका मुद्द्याने माणूस मरू शकतो.

आणि पंधरा मिनिटं तापवायची गरजच नाही. रत्नागिरी-वेंगुर्ल्याकडे जानेवारीतल्या पहाटेही पारा 18-20 अंशांच्या आसपास असतो. स्टार्ट करा, अर्धा-एक मिनिट थांबा, जास्त रेस न करता हळू निघा. चालती गाडी उभ्या गाडीपेक्षा लवकर तापते.

थर्मोस्टॅटचं तर उलटंच सांगितलंय. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनातल्या पाण्याच्या वाटेवरची झडप. इंजिन थंड असताना तो बंद असतो म्हणूनच इंजिनातलं पाणी रेडिएटरकडे न जाता लवकर तापतं. साधारण 82 अंशांच्या पुढे तो उघडतो. तो काढला की जी थंड अवस्था त्रास देतेय तीच लांबते, पेट्रोल जास्त जातं आणि ऑइलमधला ओलावा उडून जात नाही. डांबरगोळ्यांबद्दल एवढंच सांगतो की आज बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्यांमध्ये क्लोरीन असलेलं रसायन असतं आणि ते जळलं की आम्ल तयार होतं. बॅटरीची वायर काढली तर कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड पुसले जातात, म्हणजे मेकॅनिकच्या हातातला पुरावा आपणच नष्ट करतो.

इथेनॉलबद्दल मात्र थोडं मान्य करावं लागेल. 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल 2023 पासून पंपांवर येऊ लागलं. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता लागते आणि ते हवेतला ओलावा ओढतं. गणपतीला आणलेली गाडी शिमग्यापर्यंत अर्ध्या टाकीवर उभी राहिली तर त्रास होऊ शकतो. पण रोज चालणारी गाडी रोज सकाळी थरथरत असेल तर कारण बहुधा दुसरंच असतं.

ते शोधायचं असेल तर गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी सुरू करण्याआधी गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारा स्कॅनर लावा. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) आणि आत जाणारी हवा, दोन्हींचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं. हवा 27 आणि कूलंट उणे 40 दाखवत असेल तर सेन्सरची वायर तुटलीय किंवा खाऱ्या हवेने कनेक्टर गेलाय.

काकांच्या गाडीत ही तापमानं ठीक होती. कोड निघाला पी 0171, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. गरम झाल्यावर स्लोला कॉम्प्युटर 22 टक्के जादा पेट्रोल देत होता आणि रेस मिनिटाला 2500 फेऱ्यांवर नेली की 5 टक्के. हे हवा चोरून आत येण्याचं लक्षण आहे. थ्रॉटल बॉडीच्या (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या भागाच्या) मागचा रबरी पाइप कडक होऊन वाकणावर चिरला होता, बोटाने दाबला की फट उघडायची. थंड असताना धुरातला ऑक्सिजन मोजून कॉम्प्युटरला कळवणारा ऑक्सिजन सेन्सर जागा झालेला नसतो, त्यामुळे ही चोरी भरून काढायला कोणी नसतं आणि गाडी थरथरते. गरम झाली की कॉम्प्युटर सांभाळून घेतो. काकांना वाटत होतं तापवल्याने गाडी बरी होते, ते यामुळे.

पाइप सापडला नाही तर थ्रॉटल बॉडीतला काळा थर, प्लग आणि कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) बघा. पावसात प्लगच्या खड्ड्यात पाणी उतरतं आणि उंदीर वायरी कुरतडतात. कोड पी 0301 ते 0304 पैकी एखादा, म्हणजे 1 ते 4 पैकी त्या क्रमांकाचा सिलिंडर मिसिंग करतोय असा, असेल तर त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरला लावा. कोड कॉइलबरोबर सरकला तर कॉइल बदला. जागेवरच राहिला तर प्लग आणि इंजेक्टर तपासा, आणि तेही ठीक निघाले तर कॉम्प्रेशन मोजून घ्या.