‘वर्ड फक्त टायपिंगसाठी’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

कामाच्या ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतो. त्याचा आशय असा: "वर्ड फक्त टायपिंगसाठी आहे. त्यात चौकोन-बाण टाकले की पान विस्कटतं. बटण हवं तर प्रोग्रामिंग यायला लागतं. बटण असलेली वर्ड फाइल म्हणजे व्हायरस. आकृत्या आणि बटणं हवीत तर पॉवरपॉइंट वापरा."

मी रोज फॉर्म आणि माहितीपत्रकं वर्डमध्येच बनवते. हा मेसेज खरा मानून लोक काय करतात, ते माझ्याकडे येणाऱ्या फाइलींत दिसतं. चौकोन-बाणांच्या तक्त्याचा फोटो काढून चिकटवलेला असतो, मग त्यातला एक शब्दही बदलता येत नाही. हो किंवा नाही निवडायच्या जागी टिंबांची लांबलचक ओळ असते. म्हणून एकेक मुद्दा घेते.

"चौकोन-बाण टाकले की पान विस्कटतं"

विस्कटतं, हे मीही पाहिलंय. अकरा चौकोनांचा एक तक्ता माझ्याकडे आला होता. पहिल्या पानावर मी एक वाक्य वाढवलं आणि चार चौकोन पुढच्या पानावर गेले, बाण मात्र मागेच राहिले. पण यात वर्डचा दोष नव्हता. ते चौकोन कशाला बांधलेत हे बनवणाऱ्याने पाहिलंच नव्हतं.

वर्डमधला तरंगता, म्हणजे ओळीत न बसवलेला, आकार कुठल्या ना कुठल्या परिच्छेदाला बांधलेला असतो. आकारावर क्लिक करा, समासात नांगराचं छोटं चिन्ह दिसेल. तोच अँकर. तो ज्या परिच्छेदापाशी आहे, तो परिच्छेद पुढच्या पानावर गेला की आकारही जातो. तो परिच्छेद अख्खा पुसला की आकारही पुसला जातो. "माझा चौकोन आपोआप गायब झाला" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. लेआउट ऑप्शन्समधल्या ‘फिक्स पोझिशन ऑन पेज’ने आकार पानावरच्या जागी टिकतो, पण तोही अँकर त्याच पानावर असेपर्यंतच.

एखादाच आकार असेल तर त्याला ‘इन लाइन विथ टेक्स्ट’ करा. मग तो एखाद्या मोठ्या अक्षरासारखा ओळीत बसतो आणि मजकुराबरोबर सरकतो. अनेक आकार आणि बाण असतील तर इन्सर्टमधल्या शेप्सच्या यादीत अगदी तळाशी ‘न्यू ड्रॉइंग कॅनव्हास’, म्हणजे आकृती काढायची एक चौकट, आहे, ती आधी घ्या. हा पर्याय फार थोड्या लोकांना माहीत आहे आणि तक्त्यांसाठी तोच सगळ्यात उपयोगी आहे. जोडरेषा चौकोनाच्या कडेला खरोखर चिकटतात त्या कॅनव्हासमध्येच. चौकोन ओढला की बाण त्याच्यामागे येतो. कॅनव्हासबाहेर काढलेला बाण चौकोनाला नुसता टेकलेला दिसतो. तो अकरा चौकोनांचा तक्ता मी कॅनव्हासमध्ये पुन्हा काढला, कॅनव्हास ओळीत ठेवला. त्यानंतर त्या पानांवर कितीतरी मजकूर वाढला, तक्ता जसाच्या तसा आहे.

"बटण हवं तर प्रोग्रामिंग यायला लागतं"

इथे मेसेज सगळ्यात जास्त दिशाभूल करतो, कारण बटण या एका शब्दात तो तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो.

पहिली, दाबल्यावर दुसरीकडे नेणारं बटण. गोल कोपऱ्यांचा आयत काढा, त्यात ‘परिशिष्ट पाहा’ लिहा, कडेवर क्लिक करून आकार निवडा आणि कंट्रोल-के दाबा. ‘प्लेस इन धिस डॉक्युमेंट’मध्ये फाइलमधली शीर्षकं दिसतात, हवं ते निवडा. झालं बटण. शीर्षकं त्या यादीत यायची तर त्यांना हेडिंग स्टाइल दिलेली हवी. नुसतं ठळक आणि मोठं केलेलं अक्षर यादीत येत नाही. एरवीच्या सेटिंगमध्ये अशी लिंक कंट्रोल धरून क्लिक केल्यावर उघडते, म्हणून वाचणाऱ्यासाठी तशी सूचना शेजारी लिहावी.

दुसरी, भरायची जागा: टिकचा चौकोन, पर्यायांची यादी, तारीख. फाइल, ऑप्शन्स, कस्टमाइझ रिबन इथे जाऊन ‘डेव्हलपर’वर खूण केली की नवा टॅब येतो. त्यात कंटेंट कंट्रोल, म्हणजे अशा भरायच्या तयार जागा, आहेत. हे वर्ड २००७ मध्ये आले, टिकचा चौकोन २०१० मध्ये. डेव्हलपर हे नाव वाचूनच लोक मागे फिरतात, पण यात कोडची एक ओळही लिहायची नसते. मग रिव्ह्यू टॅबमधल्या रिस्ट्रिक्ट एडिटिंगमध्ये ‘फिलिंग इन फॉर्म्स’ निवडलं की भरणाऱ्याला फक्त मोकळ्या जागा बदलता येतात, बाकीच्या मजकुराला धक्का लागत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे दाबल्यावर काहीतरी काम करणारं बटण: हिशेब करणारं, मजकूर भरणारं. वर्डमध्ये त्याला मॅक्रो, म्हणजे फाइलमध्येच साठवलेला छोटा प्रोग्राम, लागतो, म्हणजे कोड आलाच. मेसेजचं म्हणणं एवढ्यापुरतं बरोबर आहे.

लिब्रेऑफिस रायटर या वर्डसारख्याच मोफत प्रोग्राममध्ये तर फॉर्म मेन्यूतच ‘पुश बटन’ आहे. त्याच्या गुणधर्मांत दस्तऐवज किंवा वेबपान उघडणं, फॉर्म कोरा करणं अशी कामं यादीतून निवडता येतात. तेही कोडशिवाय.

"बटण असलेली फाइल म्हणजे व्हायरस"

ही भीती हवेतून आलेली नाही. वर्डच्या मॅक्रोमधून पसरलेला ‘कॉन्सेप्ट’ नावाचा व्हायरस १९९५ मध्ये आला, ‘मेलिसा’ हा व्हायरस १९९९ मध्ये, आणि मेलिसाने ईमेल व्यवस्था कोलमडवल्या. पण धोका मॅक्रोत होता, आकारात किंवा टिकच्या चौकोनात नव्हे. २००७ पासून नव्या फाइलप्रकारांत हा फरक नावातच दिसतो: डॉकएक्स (.docx) फाइलमध्ये मॅक्रो साठवताच येत नाही, त्यासाठी डॉकएम (.docm) लागते. २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्ट ऑफिस आपणहून अडवतं. अ‍ॅक्टिव्हएक्सची जुनी, कोडवर चालणारी बटणं ऑफिस २०२४ मध्ये मुळातच बंद ठेवलेली आहेत. अनोळखी डॉकएम उघडू नका, हे मीही सांगेन. लिंक असलेल्या आकारावर आधी माउस नुसता धरा, पत्ता दिसतो, तो वाचा आणि मगच दाबा.

"पॉवरपॉइंट वापरा"

पॉवरपॉइंटच्या आकारांत ‘अ‍ॅक्शन बटन्स’ असा वेगळा गट आहे, वर्डमध्ये तो नाही. हा समज बहुधा तिथूनच आला असावा. पण वीस पानांचा मजकूर, तळटीपा, आपोआप बनणारी अनुक्रमणिका हे सगळं एका आयतासाठी स्लाइडांवर नेणं म्हणजे स्वतःचं काम वाढवणं.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मला या सगळ्यापेक्षा महत्त्वाची वाटते. दृष्टिहीन वाचक स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर, फाइल ऐकतात. तरंगत्या आकारातला मजकूर त्यांना भलत्याच क्रमाने ऐकू येतो किंवा सुटून जातो. ओळीत बसवलेला आकार त्याच्या जागी वाचला जातो, आणि आकारावर राइट क्लिक करून ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे आकाराचं लेखी वर्णन, लिहिला तर तो कशासाठी आहे हेही कळतं. हाताने काढलेला रिकामा चौकोन त्यांच्यासाठी नुसती आकृती असते. कंटेंट कंट्रोलच्या चौकोनावर आल्यावर मात्र हा चेकबॉक्स आहे आणि त्यावर खूण नाही, असं ऐकू येतं, आणि स्पेसबार दाबून तो फॉर्म त्यांचा त्यांना भरता येतो.