दाढीवाल्या माशाला हळद

परवा स्टेशनजवळच्या माशांच्या दुकानात एका अनोळखी काकांनी मला सगळ्यांदेखत सुनावलं, “तुमच्यासारख्यांमुळेच मासे मरतात.” दुकानदार हसला. माझा गुन्हा एवढाच, की व्हिपटेलच्या, म्हणजे चाबकासारख्या शेपटीच्या माशांच्या, टाकीत बुरशीवरचं निळं औषध ओतू नका असं मी म्हटलं.

टाकीवर चिठ्ठी होती : ‘इम्पोर्टेड सकर. घाण खातो.’ आत तळाशी चार व्हिपटेल निपचित पडलेले. दिवसा ते असेच पडतात. काकांनी काचेवर अंगठीने टकटक केलं.

“हा मेलाय.”

“नाही काका, पडून आहे. तोंड हलतंय बघा.”

“आणि गालांवर ही बुरशी?”

“दाढी आहे ती. वयात आलेला नर आहे. गालांवर आणि पुढच्या परांवर असे ताठ केस येतात. मादीचे गाल गुळगुळीत असतात.”

“माशाला दाढी!” काकांनी दुकानातल्या बाकी गिऱ्हाइकांकडे न्याय मागितला. “उद्या म्हणाल मिशा आहेत.”

“आहेत ना. ओठांच्या कोपऱ्यात. बारीक.”

इथे काका हरायला हवे होते. पण त्यांच्याकडे मेहुणा होता.

“माझ्या मेहुण्याची टाकी सहा फुटी आहे. तो सांगतो, बुरशीला मूठभर खडेमीठ आणि चिमूटभर हळद.”

“मीठ-हळद लावलेला मासा आमच्याकडे तव्यावर जातो, काका.”

“चेष्टा नको. सहा फुटी टाकी आहे त्याची.”

या सहा फुटांपुढे काही चालेना. दुकानातल्या पोराने तोवर निळ्या औषधाची बाटली उघडली होती. मी हात आडवा धरला आणि वरचं सुभाषित ऐकून घेतलं. बुरशी पांढरी, कापसाळ, कुठेही आणि वेडीवाकडी येते. दाढी दोन्ही गालांना सारखी असते. हे समजायला मेहुणा लागत नाही, दहा सेकंद नीट बघावं लागतं. व्हिपटेलला मीठ आणि तांब्याची औषधं सोसत नाहीत. शिवाय निळ्या औषधाने फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरू शकतात, मग अमोनिया वाढतो आणि धडधाकट मासेही खरोखरच आजारी पडतात. मग आणखी औषध. दुकानाचं बरं चालतं.

बरं, चिठ्ठीवरचा ‘सकर’, म्हणजे तोंडाने काचेला चिकटणारा मासा, नक्की कोण? शेपटीच्या अलीकडे पाठीवर आणखी एक छोटा पर दिसला, तर तो नेहमीचा प्लेको. व्हिपटेलला तो नसतो. त्याचं अंग चपटं, हाडांच्या तबकड्यांनी मढलेलं, शेपटीकडे निमुळतं होत जाणारं, आणि शेपटीच्या वरच्या टोकाला बहुधा लांब दोरा. व्हिपटेलपैकी दुकानात सहसा मिळतात ते रायनेलोरिकेरिया. पूर्ण वाढले तरी बहुतेक दहा-पंधरा सेंटीमीटर. या एका प्रजातीसमूहातच साठाहून अधिक जाती आहेत, त्यामुळे ‘नेमकी जात कोणती’ असं विचारल्यावर दुकानदाराने छातीठोक नाव सांगितलं, की मला शंका येते. फार्लोवेला वेगळा : वाळक्या काडीसारखा, लांब नाकाचा, आणि त्याच्या पाठीवरचा पर बराच मागे, खालच्या गुदपराच्या साधारण वर. रायनेलोरिकेरियाचा पाठीवरचा पर पुढे, पोटाच्या परांच्या वर उभा असतो. वीस सेंटीमीटरपर्यंत वाढणारा, फार्लोवेलापेक्षा आखूड नाकाचा आणि उंच पराचा दिसला, तर तो स्टुरिसोमा किंवा त्याचा भाऊबंद. हे सगळं काचेबाहेरून दिसतं, अंगठी न वापरता.

पोराने जाळी टाकलीच. दाढीचे केस आणि परांचे काटे जाळीत अडकले. काका म्हणाले, “शेपटी धरून ओढ.” ओढली. दोरा तुटला. असा मासा जाळीने पकडायचाच नसतो. प्लॅस्टिकचा डबा पाण्यात बुडवून हळूच त्यात ढकलायचा. जाळीत अडकलाच, तर जाळी पाण्यात तशीच सोडून त्याला स्वतः सुटू द्यायचं, नाहीतर जाळी कापायची. पिशवी दुहेरी हवी, काट्यांनी एकेरी फुटते. तुटक्या शेपटीच्या माशाचेही दुकानदाराने पैसे पूर्ण घेतले. “परत येते,” म्हणे. येईलही, पण मग अर्ध्या पैशात द्या आणि आल्यावर उरलेले मागा!

आता ‘घाण खातो’विषयी. कोणताही मासा दुसऱ्याची विष्ठा खाऊन टाकी साफ करत नाही. फार्लोवेला आणि स्टुरिसोमा शेवाळ खातात, रायनेलोरिकेरिया तेही मोजकंच. त्यांना दिवे मालवल्यावर बुडणाऱ्या गोळ्या द्याव्या लागतात, अधूनमधून गोठवलेल्या अळ्या, उकडलेली काकडी किंवा फरसबी. उरलेली भाजी सकाळी काढायची. पण टाकीत झाडूवाला ठेवल्याच्या समजुतीत लोक त्याला उपाशी ठेवतात. पोट खपाटीला जातं, डोळे खोल जातात, आणि मग ‘नाजूक मासा आहे’ असा शेरा. प्लेकोचं उलट : तो दीड फुटाच्या घरात जातो, मग त्याला तळ्यात सोडून देतात, आणि आंध्र-तेलंगणातल्या मच्छीमारांची जाळी त्याच्या काट्यांनी फाटतात. त्याबद्दल दुकानात चिठ्ठी नसते.

दोन फुटी टाकीत, म्हणजे साधारण ५५ लिटरमध्ये, रायनेलोरिकेरियाची एक जोडी राहते. चार-पाच हवे असतील तर तीन फुटी. तळाला बारीक, गोलसर वाळू. टोकदार रंगीत खडीने पोट खरचटतं. तापमान २४ ते २७ अंश, सामू (पीएच) साडेसहा ते साडेसात, अमोनिया शून्य, आठवड्याला पाव पाणी बदल. नळाचं पाणी अँटिक्लोरीन घालूनच. टाकी नवी असेल तर आधी चार ते सहा आठवडे फिल्टर मुरू द्या, म्हणजे त्यात ते उपयोगी जिवाणू वाढतील. वाळकी देशी बदामाची पानं रस्त्यावर फुकट पडलेली असतात. धुऊन टाका, त्यांना आवडतात. फवारा मारलेल्या झाडाची मात्र नको.

आणि तीन-चार सेंटीमीटर व्यासाची, वीतभर लांब नळी ठेवा, पीव्हीसीची चालते. मादी त्यात अंडी घालून निघून जाते आणि नर आत बसून परांनी पाणी हलवत राखण करतो. याच वेळी कुणीतरी ‘बाहेर येत नाही, आजारी आहे’ म्हणून त्याला काढतं. काढू नका. आठवड्या-दहा दिवसांत पिल्लं निघतात. पोटाची पिवळी पिशवी संपली, की दिवसातून दोन-तीनदा भुकटी केलेलं खाणं आणि उकडलेला पालक हवा, नाहीतर काचेवरच्या चार ठिपके शेवाळावर ती आठवडाभरही टिकत नाहीत.