बायकोला भाडं द्या म्हणे!

माझा भाचा गोव्यात फोंड्याला घरीच आर्किटेक्टचं काम करतो. परवा त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एक मेसेज मला पाठवला आणि खाली विचारलं, 'मामा, करूया?' मेसेजचं म्हणणं असं: घरून काम करणाऱ्याने किराण्यापासून विजेपर्यंत सगळा घरखर्च उत्पन्नातून वजा करावा, बिलं लागत नाहीत, ५० टक्के सूट वेगळी मिळते, आणि बायकोला घराचं भाडं देऊन तेही कापून घ्यावं.

आधी ते भाडं. हे लिहिणाऱ्याला गोवा ठाऊक नाही, एवढं नक्की. आपल्याकडे पोर्तुगीज काळचा नागरी कायदा आजही चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर घर सहसा नवरा-बायकोचं सामाईक. म्हणजे भाचेबुवा स्वतःच्याच घराचं भाडं भरणार! शिवाय १९६१च्या आयकर कायद्यात आपल्यासारख्यांसाठी कलम ५ए आहे (२०२५च्या नव्या कायद्यात कलमांचे आकडे बदललेत). पगार सोडून बाकीचं उत्पन्न अशा जोडप्यात निम्मं-निम्मं धरायचं. त्याला १४ लाख नफा झाला तर ७ लाख तिच्या रिटर्नमध्ये जातातच. तिला भाडं दिलं तर तेही निम्मं फिरून त्याच्याच नावावर येणार. कायदा ही वाटणी फुकटात करून देतो, मग खोटा भाडेकरार कशाला? खोटा खर्च सापडला तर त्यावरच्या कराच्या २०० टक्के दंड आहे.

५० टक्क्यांचं कलम म्हणजे ४४एडीए. फी २० लाख आली तर किमान १० लाख नफा धरायचा, हिशेबाच्या वह्यांची कटकट नाही. पण उरलेल्या १० लाखांत वीज, भाडं, घसारा (वापराने वस्तूची दरवर्षी घटणारी किंमत) सगळं आलं. वर पुन्हा कापायचं नाही. नफा याहून कमी दाखवायचा तर वह्या ठेवा, ऑडिट करा.

बिलांचं म्हणाल तर एका दिवसात एकाला १० हजारांवर रोख दिले की तो खर्च धरतच नाहीत. किराण्याबद्दल मी बोलतच नाही.

बरं, एक गोष्ट अर्धी खरी आहे. ४४एडीए न घेता खरा हिशेब ठेवला तर घरखर्चातला कामापुरता वाटा वजा होतो, नव्या करप्रणालीतही. कॉम्प्युटरवर वर्षाला ४० टक्के घसाराही मिळतो. माडीवरची खोली निव्वळ कामाची, तर तिथल्या एसीची, प्लॉटरची वीज धर, इंटरनेटचा वाटा धर. चवथीला गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीभोवती रात्रभर पेटलेल्या माळांचं बिल मात्र तुझं तूच भर.