'पळवाट' म्हणालात म्हणून

गर्भारपणातली दारू आणि जनुकं यांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत की माझं साल चुकलं, जुळ्यांचा अभ्यास अगदीच लहान आहे, बापाच्या पिण्याबद्दल मी गप्प आहे. आणि शेवटी, 'जनुकांचं नाव घेऊन पिणाऱ्या आयांना पळवाट काढून देणाऱ्या बायकांनी आधी अशी चार मुलं जवळून बघावीत.'

सालाचं मान्य. आईच्या दारूमुळे गर्भातच मुलाला होणाऱ्या या विकाराला सिअ‍ॅटलच्या जोन्स आणि स्मिथ या डॉक्टरांनी १९७३ मध्ये 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' हे नाव दिलं, पण फ्रान्समधल्या नांत शहरातले डॉक्टर लमवान यांनी १९६८ मध्येच अशा १२७ मुलांबद्दल लिहिलं होतं. 'पहिल्यांदा' हा शब्द मी काढला आहे.

आता पळवाट. दारूशिवाय हा विकार होतच नाही, हे लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात आहे. तिथवर तरी वाचायचं होतंत. जनुकं ठरवतात ते इतकंच, की तेवढ्याच दारूने कुणाचा मेंदू किती बिघडेल. १९९३ च्या अभ्यासात जुळ्यांच्या १६ जोड्या होत्या. एकसारख्या, म्हणजे जनुकंही तीच असलेल्या जुळ्यांच्या पाचही जोड्यांत दोघांचं निदान सारखं निघालं. भिन्न, म्हणजे जनुकं वेगवेगळी असलेल्या जुळ्यांच्या ११ पैकी ४ जोड्यांत वेगळं. गर्भाशय तेच, दारू तीच. उंदरांत ग्ली२ या जनुकाची एक प्रत निकामी असली तरी पिल्लू एरवी धडधाकट दिसतं. गर्भात दारू पोचली की त्याच्या चेहऱ्याची आणि मेंदूची मधली घडण बिघडण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त. आईचं शरीर दारू किती वेगाने मोडतं, तेही तिच्या जनुकांवर अवलंबून असतं. यातलं काय आपल्या वाट्याला आलंय हे कुठल्याच बाईला आधी कळत नाही, म्हणून एक पेलाही सुरक्षित म्हणता येत नाही. यात पळवाट कुठे आहे, ते दाखवा.

आणि चार मुलं? सिअ‍ॅटलजवळच्या एका शाळेत विशेष मुलांच्या वर्गावर मी अकरा वर्षं काढली. तिथे दोन जुळे भाऊ होते, भिन्न जुळे, दत्तक गेलेले. एक गोष्टीची पुस्तकं घडाघडा वाचायचा. दुसऱ्याला सकाळी शिकवलेली वजाबाकी दुपारी आठवायची नाही, आणि मग तो स्वतःच्याच डोक्यावर बुक्के मारायचा. ते हात मी धरलेत. त्यांच्या जन्मदात्रीचं पत्र त्यांच्या आईने मला वाचायला दिलं होतं: दिवस गेलेत हे तिला दहाव्या आठवड्यात कळलं, त्या दिवसापासून तिने दारूला हात लावला नाही. मेंदूची घडण तिसऱ्या आठवड्यातच सुरू झालेली असते. मला जवळून बघायला सांगणारे तुम्ही कोण?

अभ्यास लहान, तर लहान. बापाच्या पिण्यावर तो लेख नव्हता.

तुमची प्रतिक्रिया मी तशीच ठेवली आहे. पुढच्या वेळी मुद्दा लिहा, उत्तर देईन. 'अशा बायका' म्हणून सुरुवात केलीत तर मात्र काढून टाकेन.