तिकीट म्हणे जनता देते

महाराष्ट्रात निवडणूक लागली, इच्छुकांच्या मुलाखती आटोपल्या आणि एबी फॉर्मसाठी पळापळ सुरू झाली की माझ्या फोनवर तोच मजकूर नव्याने येऊन पडतो. या वेळी सांगलीच्या मावसभावाने पाठवला. खाली त्याची ओळ: 'तू तिथंच आहेस, खरं ना हे?'

मजकूर थोडक्यात असा. अमेरिकेत पक्षाचं तिकीट हायकमांड देत नाही, जनता देते. कुणीही सामान्य माणूस उभा राहू शकतो. पैसा, घराणं, गॉडफादर काही लागत नाही. आपल्या बेळगावचे श्री ठाणेदार बघा, खासदार झाले. तिथे बंडखोरीही नसते. ही 'प्रायमरी', म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, आपल्याकडे आणा, घराणेशाही एका फटक्यात संपेल.

मी मिशिगनमध्ये राहतो. ठाणेदारही इथलेच. त्यामुळे 'हो' किंवा 'नाही' एवढं लिहून सुटका होईना.

'तिकीट जनता देते.' आता यातली जनता कोण, ते बघू. ऑगस्टच्या सुरुवातीला इथे प्रायमरी होते. मतपत्रिकेवर शेजारी शेजारी रकाने असतात, एक डेमोक्रॅटिक पक्षाचा, एक रिपब्लिकन. मी कुठल्याच पक्षाचा सदस्य नाही, तरी चालतं. मात्र एकाच रकान्यातले गोल काळे करायचे. दोन्हीकडे पेन फिरवलं की पक्षाचा सगळा भाग बाद. म्हणजे कुठल्या पक्षाच्या भानगडीत नाक खुपसायचं ते मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून ठरवतो. न्यूयॉर्कमध्ये हे जमत नाही. तिथे आधीपासून त्या पक्षाचे म्हणून नाव नोंदवलेलं लागतं. २०१६ साली इव्हांका आणि एरिक ट्रम्प यांनी ती मुदत चुकवली आणि सख्ख्या वडिलांना प्रायमरीत मत देता आलं नाही. राज्यागणिक नियम वेगळा, हे त्या मजकुरात कुठेच नसतं.

आणि मतदानाला येतात किती? २०१८ ची मिशिगनची प्रायमरी गर्दीच्या बाबतीत विक्रमी होती. दोन्ही पक्षांची मिळून सुमारे २१ लाख मतं पडली. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या खऱ्या लढतीत ४२ लाखांहून जास्त. विक्रमी वर्षातही निम्मी जनता घरीच! २०२२ मध्ये डेट्रॉइटकडच्या तेराव्या मतदारसंघात डेमोक्रॅटिक रकान्यात नऊ नावं होती. ठाणेदार २८ टक्के मतांवर जिंकले, साधारण २२ हजार मतं. तो मतदारसंघ इतका डेमोक्रॅटिक, की नोव्हेंबरची लढत नावापुरती. साडेसात लाखांहून जास्त वस्तीचा खासदार ठरवला तो या २२ हजारांनी. बाकीची ७२ टक्के मतं आठ जणांत वाटली गेली. दुसरी फेरी वगैरे मिशिगनमध्ये नाही. १९५५ पासून डेट्रॉइटचा एक तरी कृष्णवर्णीय खासदार काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, असे. ती परंपरा या निकालाने तुटली, आणि इथे त्याची चर्चा ठाणेदारांच्या विजयापेक्षा जास्त झाली. आपल्याकडे 'मतविभागणीचा फायदा' म्हणतात तोच हा प्रकार.

शिवाय सगळी तिकिटं मतपत्रिकेवर नसतातच. मिशिगनचा ॲटर्नी जनरल, म्हणजे राज्याचा मुख्य सरकारी वकील, आणि सेक्रेटरी ऑफ स्टेट या पदांचे उमेदवार पक्षाच्या अधिवेशनात ठरतात. यातला सेक्रेटरी ऑफ स्टेट राज्याच्या निवडणूक यंत्रणेचा प्रमुख, म्हणजे पद काही शोभेचं नाही. एप्रिल २०१८ मध्ये डेमोक्रॅटांनी डेट्रॉइटच्या कोबो सेंटरमध्ये जमून डेना नेसल यांना ॲटर्नी जनरलपदासाठी पुढे केलं. त्या नोव्हेंबरमध्ये जिंकल्या. माझ्या ऑगस्टच्या मतपत्रिकेवर त्यांचं नाव नव्हतं.

'कुणीही उभा राहू शकतो.' ही ओळ वाचून मला हसू आलं, कारण २०२२ चा उन्हाळा आठवला. इथला गव्हर्नर म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखा, निवडून येणारा. त्या पदाच्या प्रायमरीत नाव यायला मतदारांच्या किमान १५ हजार खऱ्या सह्या लागतात. त्या उमेदवार स्वतः दारोदार फिरून थोडाच आणतो? सहीमागे पैसे घेणारी माणसं नेमली जातात. रिपब्लिकन पक्षाकडून दहा जणांनी अर्ज भरले. निवडणूक विभागाने कागद तपासले, तर ३६ सह्या-गोळा-करणाऱ्यांच्या कागदांवर मिळून किमान ६८ हजार सह्या बनावट निघाल्या. पानंच्या पानं एकाच वळणाच्या अक्षरात. शाळेत हजेरीपटावर मित्राची सही ठोकायचो, तेवढंही कसब नाही.

दहापैकी पाच जण बाद झाले. त्यात डेट्रॉइटचे माजी पोलीसप्रमुख जेम्स क्रेग होते, ज्यांचं नाव तोवर आघाडीवर घेतलं जात होतं, आणि पेरी जॉन्सन हे धनाढ्य उद्योजकही. शेवटचा निर्णय चार जणांच्या मंडळाकडे होता, प्रत्येक पक्षाचे दोन. मतं पडली दोन विरुद्ध दोन, आणि बरोबरी झाली की नाव मतपत्रिकेवर येत नाही. कोर्टानेही तारलं नाही. पोलीसप्रमुख होता हो तो माणूस, आणि घरच्याच कागदावरच्या खोट्या सह्या त्याला दिसल्या नाहीत! २०२४ मध्ये ठाणेदारांचे जुने प्रतिस्पर्धी ॲडम हॉलियर असेच अडकले. खासदारकीला लागणाऱ्या १ हजार वैध सह्या भरल्या नाहीत. आक्षेप कुणी घेतला? ठाणेदारांच्याच बाजूने. छाननीच्या दिवशी विरोधकाच्या अर्जात खोट काढायला वकील घेऊन बसणं ही काही फक्त आपल्याकडची कला नाही.

'पैसा, घराणं, गॉडफादर लागत नाही.' ठाणेदारांचं उदाहरण इथे द्यायचं म्हणजे कमालच. त्यांनी गरिबीतून वर येऊन जे उभं केलं त्याबद्दल मला आदर आहे; त्यांचं मराठी आत्मचरित्र आमच्या घरातही आहे. पण ते राजकारणात आले ते आपल्या रसायन-प्रयोगशाळेच्या विक्रीतून हाती आलेले पैसे घेऊन. २०१८ मध्ये गव्हर्नरपदासाठी स्वतःचे १ कोटी डॉलरहून जास्त ओतले. त्या वर्षी टीव्ही लावला की ठाणेदार. निकाल: ग्रेचेन व्हिटमर ५२ टक्के, अब्दुल अल-सय्यद ३०, ठाणेदार १८ च्या आसपास. मतं सुमारे २ लाख. भागाकार केला तर एका मताला ५० डॉलर पडले. म्हणजे पैशाने तिकीट मिळतंच असं नाही, इतपत मजकूर बरोबर आहे. पण त्या १ कोटीने नाव घराघरांत पोचलं. २०२० मध्ये ते राज्याच्या सभागृहात गेले, २०२२ मध्ये पुन्हा खिशातले लाखो डॉलर घालून खासदारकीला उभे राहिले. समोर हॉलियरसाठी एका बाहेरच्या गटाने ४० लाख डॉलरहून जास्त खर्च केले. त्या लढतीत पैशाला पैसा भिडला होता.

घराण्याचं म्हणाल तर मिशिगनमध्येच डिंगेल आहेत. जॉन डिंगेल थोरले १९३३ मध्ये काँग्रेसमध्ये गेले. १९५५ मध्ये ते वारले, पोटनिवडणुकीत मुलगा जॉन निवडून आला आणि २०१५ पर्यंत बसला. नंतर त्या जागी आल्या त्यांच्या पत्नी डेबी. नव्वद वर्षांहून जास्त काळ एकच आडनाव, आणि दर दोन वर्षांनी रीतसर प्रायमरी. बारामतीकरांनाही हेवा वाटावा.

गॉडफादर? २०२२ ला पाच जण बाद झाल्यावर उरलेल्या रिपब्लिकनांत ट्यूडर डिक्सन पुढे होत्या. मतदानाला चार दिवस राहिले असताना ट्रम्प यांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. त्या जवळपास ४० टक्क्यांनी जिंकल्या आणि नोव्हेंबरमध्ये व्हिटमर यांच्याकडून हरल्या.

बंडखोरीचं थोडक्यात. बहुतेक राज्यांत प्रायमरी हरलेल्याला त्याच निवडणुकीत दुसऱ्या चिन्हावर किंवा अपक्ष उभं राहता येत नाही, असा कायदाच आहे. बंडोबा थंड होतात ते संस्कारामुळे नव्हे, रस्ता बंद असतो म्हणून. फट सापडली की तेही उठतात. कनेटिकटमध्ये २००६ साली जो लीबरमन हरून अपक्ष उभे राहिले आणि पुन्हा सिनेटर झाले. अलास्कात २०१० मध्ये लिसा मर्कोवस्की हरल्या, मग मतदारांकडून मतपत्रिकेवर हाताने आपलं नाव लिहून घेत जिंकल्या.

प्रायमरी निरुपयोगी आहे असं माझं म्हणणं नाही. एक काम ती असं करते जे आपल्याकडे जवळजवळ होतच नाही: बसलेल्या बड्या नेत्याला त्याच्याच पक्षाचे मतदार उठवू शकतात. २०१४ मध्ये व्हर्जिनियात रिपब्लिकनांचे सभागृह नेते एरिक कॅन्टर एका अनोळखी प्राध्यापकाकडून हरले. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या जो क्राउलींना अलेक्झांड्रिया ओकासियो-कोर्टेझ यांनी हरवलं. मजकुरात एवढंच लिहिलं असतं तर मी पुढे पाठवला असता.

राहिलं 'आपल्याकडे आणा'. इथली प्रायमरी सरकारी यंत्रणा घेते. मतपत्रिका, केंद्र, मोजणी, सगळा खर्च करदात्याचा, आणि निकाल पक्षाला मानावाच लागतो. आपल्याकडे अधिकृत उमेदवार कोण, हे पक्षाने नेमलेल्या माणसाच्या एबी फॉर्मवरच्या सहीने ठरतं. ती सही जागच्या जागी असताना प्रायमरी घेतली तर काय होतं, ते बघायला अमेरिकेला यायची गरज नाही. २०१४ च्या लोकसभेला काँग्रेसने देशातल्या पंधरा-सोळा मतदारसंघांत हा प्रयोग केला होता. मत सामान्य मतदाराला नव्हतं, पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना आणि लोकप्रतिनिधींना होतं. वर्ध्यात कोण जिंकलं? तेव्हाचे खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव सागर मेघे. पुढे भाजपच्या रामदास तडस यांनी त्यांना पाडलं. वडोदऱ्यात नरेंद्र रावत प्रायमरी जिंकले, तेवढ्यात समोर नरेंद्र मोदी उभे राहणार असं ठरलं, रावत बाजूला झाले आणि तिकीट गेलं मधुसूदन मिस्त्रींकडे.